गाडीतली एवढीशी तोटी

देवळाली कॅम्पची थंडी कशी असते हे इकडच्या माणसाला सांगायला नको. निफाडचा पारा किती उतरला ते पेपरात छापून येते, कारण तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजला जातो. पण नानेगाव, लहवित, शिंगवे बहुला या बाजूला पहाटे चारला दवात भिजलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या गाडीत भरणाऱ्याला पारा पाहावा लागत नाही. त्याची बोटेच त्याला सांगतात.

माल भरला, माणसे बसली, काचा वर केल्या की पाच मिनिटांत समोरची काच आतून पांढरी होते. ओल्या भाजीचा दमटपणा आणि माणसांचा श्वास, दोन्ही त्या गार काचेवर जाऊन बसतात. मग एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातात फडके. अशा वेळी पुढे उसाची बिनदिव्याची ट्रॉली उभी असली तर ती दिसायची कशी? म्हणून हीटरला चैनीची वस्तू समजू नका. गरम हवेचा झोत काचेवर सोडला की काच थोड्याच वेळात निवळते आणि दोन्ही हात गाडी चालवायला मोकळे राहतात.

या हीटरच्या एका लहानशा भागाविषयी आज सांगायचे आहे. मेस्त्री लोक त्याला हीटर कॉक म्हणतात. नळाला असते तशीच ही तोटी, फक्त तिच्यातून इंजिनाचे कढत पाणी जाते. मूठभर आकाराची ही वस्तू काही शे रुपयांना मिळते आणि सहसा कोणी तिच्याकडे पाहत नाही. ती बिघडली तर मात्र हीटर तर जातोच, पण कधी कधी इंजिनही घेऊन जाते.

आपल्याकडे जुनी व्हॅन म्हटली की दोन गाड्या डोळ्यांपुढे येतात. एक आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर. तिच्यात वऱ्हाडे गेली, दुधाचे कॅन गेले, टोमॅटोची क्रेट गेली. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. दुसरी मारुतीची व्हॅन. ती १९८४ साली आली, १९८८ साली तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ साली तीही बनायची थांबली. म्हणजे आज मळ्यात उभी असलेली प्रत्येक ओम्नी जुनीच. तिच्यातल्या रबराचे आणि प्लॅस्टिकचेही तेवढेच वय झाले, हे आपण विसरतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल याच देवळाली स्टेशनावरून बिहारमधल्या दानापूरला सुटली तेव्हा पेपरांनी आगगाडीचे फोटो छापले. पण बांधावरून माल स्टेशनापर्यंत किंवा मार्केट यार्डापर्यंत न्यायचा तर घरची चारचाकीच लागते, आणि ती बंद पडली की सगळेच अडते.

आता हे यंत्र चालते कसे ते पाहू. इंजिन तापते, त्याच्याभोवती खेळणारे पाणी ती उष्णता उचलते आणि रेडिएटरमध्ये जाऊन निवते. चालू गाडीत हे पाणी सुमारे ऐंशी ते नव्वद अंशांवर असते. यातलेच थोडे पाणी एका रबरी नळीने डॅशबोर्डखाली आणलेले असते. तिथे पुस्तकाएवढा छोटा रेडिएटर असतो. त्याच्यामागे पंखा फिरला की गरम हवा येते, आणि पाणी दुसऱ्या नळीने परत इंजिनाकडे जाते. येणाऱ्या नळीच्या वाटेत ही तोटी बसवलेली असते. डॅशबोर्डवरची निळ्या-लाल खुणेची दांडी सरकवली की एक बारीक केबल तोटीचा कान ओढते, आणि ती उघडते किंवा मिटते.

तोटी बिघडायला कारण बहुतेक वेळा आपणच असतो. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओततो. आपल्या पाण्यात क्षार किती, हे ठिबकच्या तोट्या बुजलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. तोच पांढरा थर गाडीच्या या तोटीतही बसतो. त्यात इंजिनाच्या लोखंडाचा गंज मिसळतो. वर्षभर दांडी हलवलेली नसते, तोटी जागच्या जागी धरते, आणि थंडी पडली की आपण दांडीला हिसका देतो. केबल तुटते नाही तर तोटीचा कान मोडतो. पुष्कळ तोट्यांचे अंग प्लॅस्टिकचे असते. ते उष्णतेने ठिसूळ होऊन त्याला केसाएवढी चीर जाते आणि थेंब थेंब गळती सुरू होते.

या थेंबाने काय केले ते सांगतो. आमच्या वस्तीवरच्या एका घरची गोष्ट आहे. त्यांच्या व्हॅनमध्ये डाव्या बाजूची चटई पंधरा दिवस ओलसर लागत होती. घरातल्या वहिनींनी गाडी पुसताना ती दोनदा उन्हात टाकली. पोराची पाण्याची बाटली सांडत असेल असे वाटले. चटईला किंचित गोडसर वास येत होता, तोही कळत होता. पण गाडीचे ते पुरुषमाणसांचे काम, म्हणून कोणी त्यांना विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

पुढे कल्याणला लग्न होते. येताना कसारा घाट चढताना काटा लालकडे गेला. गाडी हळू केली. थोड्या वेळाने काटा आपोआप खाली आला. भाऊ म्हणाले, "निवली बाबा एकदाची!" आणि त्यांनी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. गाडी निवली नव्हती. काट्याला तापमान कळवणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी संपल्यावर तो कोरडा पडला आणि काटा खोटे सांगू लागला. इगतपुरी यायच्या आत इंजिन जाम झाले. म्हातारी आई, दोन पोरे आणि लग्नातून आलेली पिशव्यांची रास, सगळे रात्रभर रस्त्याच्या कडेला. हेड वाकडे झाले, गॅस्केट जळाले, पिस्टनला ओरखडे पडले. ऐन द्राक्षकाढणीत तीन आठवडे व्हॅन गॅरेजमध्ये आणि माल भाड्याच्या टेम्पोत.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की धरा. गाडी तापलेली आहे, हीटर चालू आहे आणि त्यातून अचानक गार हवा यायला लागली, तर हीटरपर्यंत पाणी पोचत नाही असे समजा. काटा काहीही दाखवो, तिथेच कडेला थांबा आणि इंजिन बंद करा. घाटात काटा नुसता चढू लागला आणि पाणी भरपूर आहे, तर हीटर पूर्ण उघडून पंखा जोरात लावावा, ही जुन्या ड्रायव्हरांची युक्ती मात्र खरी आहे. तो छोटा रेडिएटर मोठ्याच्या मदतीला येतो आणि सुरक्षित जागेपर्यंत पोचता येते. मे महिन्यात आतले लोक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

तोटीच खराब आहे हे कसे ओळखायचे? गाडी चांगली गरम होऊ द्या, इंजिन बंद करा आणि दोन्ही नळ्या कापड धरून चाचपा. पंख्याजवळ हात नेऊ नका, विजेचा पंखा मागाहूनही फिरतो. दांडी लालवर असताना दोन्ही नळ्या गरम लागल्या पाहिजेत. दांडी निळ्यावर केली आणि थोडा वेळ इंजिन चालवून पाहिले, तर तोटीच्या पुढची नळी कोमट होत गेली पाहिजे. निळ्यावर असतानाही उन्हाळ्यात पायांशी गरम वाफारा येतो, म्हणजे तोटी मिटत नाही. लालवर असताना पुढची नळी गारच राहते, म्हणजे तोटी उघडत नाही, किंवा त्यापुढचा छोटा रेडिएटर बुजलेला आहे. काचेवर पुसले तरी न जाणारा चिकट थर, ओली चटई, गोडसर वास आणि टाकीतली दर आठवड्याला उतरणारी पातळी ही गळतीची लक्षणे. ती सगळ्यांत आधी कळतात गाडी पुसणाऱ्या माणसाला. ताई-वहिनींनो, ओली चटई वाळत घालण्याआधी घरात दहा वेळा सांगा.

दुकानात जाताना गाडीचे मॉडेल आणि साल सांगा. जमल्यास जुनी तोटी दाखवूनच नवी घ्या, कारण नळीचे तोंड आणि कानाची दिशा गाडीगणिक बदलते. सोबत नळीचे दोन तुकडे आणि स्क्रूच्या नव्या क्लिपा घ्या. नळी हीटरचीच मागा, कूलंटसाठी बनवलेली. डिझेलची किंवा फवारणीची नळी इथे टिकत नाही. नवी तोटी घरी आणल्यावर तिचा कान मिटवून तोंडाने फुंकून पाहा. हवा जाता कामा नये. उघडल्यावर सरळ गेली पाहिजे. हे एक मिनिटाचे काम पुढचे दोन तास वाचवते.

काम सकाळी करा, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडायचे नाही, फडके टाकूनही नाही. आत दाब असतो आणि कढत पाणी तोंडावर उडते. गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. तोटी काही गाड्यांत डॅशबोर्डखाली हीटरच्या डब्याला लागून असते, काहींत इंजिनाच्या बाजूला नळीच्या वाटेत. इंजिनापासून निघणारी बारीक नळी बोटांनी चाचपत गेले की ती सापडते. मारुती व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली आहे, तेव्हा सीट उचलूनच सुरुवात करावी लागेल.

रेडिएटरखाली पसरट घमेले ठेवून थोडे कूलंट काढून घ्या, म्हणजे नळी सोडल्यावर चटईवर पूर येणार नाही. तोटीखालीही जुने टॉवेल आणि एक ताटली ठेवा. आता जुन्या तोटीचा मोबाइलवर फोटो काढा. कान कोणत्या बाजूला आहे, केबल कुठून येते, अंगावरचा बाण कुणीकडे आहे, हे तासाभराने आठवत नाही. केबलची छोटी क्लिप पेचकसाने उचलून केबल मोकळी करा. मग होज क्लिपा सैल करून मागे सरकवा.

नळी निघत नाही, हा या कामातला खरा अवघड भाग. वीस वर्षांची नळी धातूला धरलेली असते आणि आपल्याला जोर लावायची सवय असते. जोर लावू नका! छोट्या रेडिएटरची तोंडे पातळ पत्र्याची असतात. ती वाकली किंवा चिरली तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि काही शे रुपयांचे काम काही हजारांवर जाते. नळी आधी गोल फिरवून सुटते का पाहा. सुटली नाही तर धारदार सुरीने तिला उभी चीर द्या आणि केळे सोलतात तशी सोलून काढा. नळी नवी घेतलीच आहे, जुनीचा मोह कशाला?

तोटी निघाली की छोट्या रेडिएटरच्या दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत, तेव्हा तो धुऊन घ्या. साध्या नळाचे पाणी, तेही हळू, एका बाजूने सोडा आणि दुसरी बाजू बादलीत धरा. मग उलट बाजूने सोडा. मातकट, तांबूस पाणी येईल. ते स्वच्छ होईपर्यंत चालू ठेवा. मोटारीच्या पाइपचा किंवा फवारणी पंपाचा दाब इथे देऊ नका, जुना पत्रा फुटतो.

नवी तोटी बसवताना बाण पाण्याच्या वाहत्या दिशेला हवा, इंजिनाकडून हीटरकडे. नळीच्या आत थोडे कूलंटच चोळा, म्हणजे ती सहज चढते. ग्रीस किंवा तेल लावू नका, रबर फुगते. क्लिप नळीच्या अगदी टोकाला न लावता थोडी आत, तोंडावरच्या उंचवट्याच्या पलीकडे बसवा. तारेने आवळायची सवय आपल्याकडे फार. तार रबर कापते आणि बरोबर लांबच्या प्रवासात दगा देते. केबल जोडताना डॅशबोर्डवरची दांडी पूर्ण निळ्यावर ठेवा, तोटीचा कान हाताने पूर्ण मिटवा, आणि त्याच स्थितीत केबलची क्लिप दाबा. एकाने आतून दांडी हलवायची, दुसऱ्याने कान पाहायचा. शाळेतली मुलगी हे काम आनंदाने करते, आणि पुढे केव्हातरी स्वतः पाना हातात घेते.

आता भरणे. तयार कूलंट घ्या, किंवा घट्ट मिळत असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, बॅटरीसाठी मिळणाऱ्या शुद्ध पाण्यात मिसळा. नाशिकला रेडिएटर गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. ते गोठण्यापासून वाचवते तसेच पाण्याचा उकळण्याचा बिंदू वाढवते आणि आतला गंज थांबवते. आपल्याला गरज आहे ती या दोन गुणांची. हिरवे आणि लाल कूलंट एकमेकांत मिसळू नका.

भरताना दांडी लालवर, म्हणजे तोटी उघडी ठेवा. हवा अडकू नये म्हणून पुढची चाके थोड्या चढावर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, आणि झाकण उघडे ठेवून गार इंजिन सुरू करा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तसे भरत जा. इंजिन तापून पाणी वर यायच्या आत झाकण लावा. मग हीटरची हवा गरम येईपर्यंत चालवा आणि तोटीच्या दोन्ही तोंडांना कोरडा कागद लावून पाहा. ओला झाला तर क्लिप अजून आवळायची आहे.

घमेल्यात काढलेल्या जुन्या कूलंटविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यावर जहाल विष आहे. कुत्रे-मांजर ते आवडीने चाटते, आणि थोडेसेही त्यांचा जीव घ्यायला पुरते. गायी-वासरे, शेळ्या यांनाही ते घातक. प्यायल्यावर जनावर आधी झिंगल्यासारखे झोकांड्या खाते, मग जरा बरे वाटल्यासारखे दिसते, आणि त्यानंतर मूत्रपिंडे निकामी होतात. मधल्या त्या बऱ्या दिसण्याला फसू नका. उपचाराचा उपयोग होतो तो पहिल्या काही तासांतच, तेव्हा जनावराच्या डॉक्टरांना लगेच बोलवा आणि काय प्यायले ते स्पष्ट सांगा. मूल प्यायले तर एक क्षणही न थांबता दवाखाना, आणि बरोबर डबा न्या.

म्हणून काम चालू असताना कुत्रे बांधून ठेवा आणि घमेले गोठ्याच्या वाटेवर ठेवू नका. सांडले तर वर माती किंवा राख टाकून ती उचला आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. जुने कूलंट झाकणाच्या डब्यात भरा, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा आणि ते घेणाऱ्या गॅरेजला द्या. विहिरीच्या कडेला, चारीत किंवा उकिरड्यावर ओतू नका. आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत तर अजिबात नको. हिरवे सरबत समजून ती पोर उघडते.

कधी तोटी वाटेतच फुटते आणि दुकान लांब असते. तेव्हा मधली तोटी काढून टाकतात, इंजिनाकडून येणारी नळी आणि परत जाणारी नळी धातूच्या नळीच्या तुकड्याने एकमेकींना जोडतात, आणि हीटरला वगळून गाडी घरी आणतात. ही सोय चांगली आहे. एवढे पाहा की तुकडा तांब्याचा, पितळेचा किंवा लोखंडाचा असावा आणि दोन्ही बाजूंना क्लिपा असाव्यात. आपल्या प्रत्येकाच्या घरी ठिबकचे सोळा मिलिमीटरचे जॉइनर पडलेले असतात आणि ते नळीत चपखल बसतातही. पण ते गार पाण्यासाठी आहेत. नव्वद अंशांच्या पाण्यात, त्या दाबाखाली, ते मऊ पडून निसटतात आणि मग कसारा घाटाची गोष्ट पुन्हा घडते. धातूचा तुकडा लावला तरी तो गाडीत वर्षानुवर्षे तसाच राहू देऊ नका. पुढच्या पौषात काच पुन्हा पांढरी होईलच.

काम झाल्यावर पहिल्या दिवशी गाडी जवळपासच फिरवा. भगूरपर्यंत जाऊन या, फार तर नाशिकरोडला. संध्याकाळी इंजिन पूर्ण गार झाले की पातळी पाहा. आत अडकलेली हवा निघून गेलेली असते, म्हणून थोडी उतरते, तेवढी भरा. दुसऱ्या दिवशी पहाटे चटईवर हात फिरवून पाहा. आठ दिवसांनी दोन्ही क्लिपांना पाऊण आटा आणखी द्या, कारण नवे रबर उष्णतेने दबून बसते. आणि महिन्यातून एकदा, भर उन्हाळ्यातसुद्धा, ती निळी-लाल दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवीत जा, म्हणजे तोटी धरणार नाही.